‘चालू’ बंद केल्याची गोष्ट

माझ्या माघारी अख्खा सेक्शन मला ‘भोंगा’ म्हणायचा. तोंडावर ‘आबा’. मला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, भोंग्याचा मला जरा अभिमानच होता. तीस फुटांवर चढलेल्या माणसाला खालून काही सांगायचं तर आवाज पाहिजेच, आणि तो देवानं मला भरपूर दिला होता. कानही दिले होते, पण ते वापरायचे असतात हे कळायला नोकरीची बरीच वर्षं गेली.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, “आबा, नोकरीत माणसं कशी सांभाळली, नेतृत्व कसं केलं, त्यावर लिहा.” मी म्हटलं, साहेब, नेतृत्व हा शब्द आमच्या बीड जिल्ह्यात चौकातल्या फ्लेक्सवर असतो, हात जोडलेल्या फोटोखाली. मी आपला वायरमन. खांबावर चढता चढता एक दिवस सेक्शनचा इन्चार्ज झालो, एवढंच. माझ्याकडं सांगण्यासारखी गोष्ट आहे ती एका शब्दाची, ‘चालू’ ह्या शब्दाची, आणि त्यात माझी फार शोभा नाही. ते म्हणाले, तीच लिहा.

आधी आमचं काम कसं असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सबस्टेशनातून चार-पाच दिशांना मोठ्या लाईनी निघतात. एकेका लाईनीला आम्ही फिडर म्हणतो, आणि एका फिडरवर दहा-बारा गावं असतात. लाईनीत काही बिघाड झाला तर वायरमन सरळ खांबावर चढत नाही. तो आधी सबस्टेशनातल्या ऑपरेटरला फोन करून परमिट मागतो. ऑपरेटर तो फिडर बंद करतो, त्यावर ‘माणूस कामावर आहे’ अशी पाटी अडकवतो, रजिस्टरात लिहितो आणि परमिटचा नंबर देतो. इकडं आम्ही तारांवर एक साखळी टाकतो, तिचं दुसरं टोक जमिनीत. चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी, माणसातून नको. काम झालं, माणसं उतरली, साखळी काढली, की फोनवरच परमिट परत करायचं. मग ऑपरेटर लाईन देतो. म्हणजे खांबावरच्या माणसाचा जीव दहा किलोमीटरवर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानात असतो. लोकांना वाटतं ह्या नोकरीत विजेची भीती. मला विचाराल तर अर्धवट ऐकलेल्या वाक्याची जास्त.

तर पहिला प्रकार माजलगावकडच्या ऊसपट्ट्यातला. तारेला ऊस घासून एक इन्सुलेटर फुटला होता. माझ्याबरोबर भीमा होता. भीमा म्हणजे माझा उजवा हात. अंगानं काटकुळा, पण माकडासारखा चढायचा, आणि चढण्याआधी खांबाला हात लावून पाया पडायचा. त्याचा एकच दोष, तोंडात तंबाखू असल्याशिवाय त्याचं काम सुरू व्हायचं नाही. सबस्टेशनात त्या दिवशी करीमभाई होते. वीस वर्षं ऑपरेटर, कधी एक चूक नाही.

परमिट घेतलं, साखळी टाकली. भीमा खांबाखाली पट्टा आवळून तंबाखू मळत उभा राहिला. तेवढ्यात मला करीमभाईंचा फोन, “आबा, गाववाले फोनवर फोन करायलेत. काम कुठवर आलं?” फोन माझ्या कानाला, पण डोळे भीमावर. त्याचं ते निवांत मळणं बघून माझं टाळकं सटकलं. मी ओरडलो, “अरे चालू कर की बे आता! तोंडाकडं काय बघतो?”

मी भीमाला काम चालू कर म्हणालो. करीमभाईंनी लाईन चालू कर असं ऐकलं. ते म्हणाले, “जी,” आणि त्यांनी ब्रेकर टाकून लाईन दिली.

साखळीवर निळा जाळ उठला, बार उडाल्यासारखा आवाज झाला, उसातले बगळे भुर्र करून उडाले, आणि तिकडं ब्रेकर आपोआप पडून लाईन पुन्हा बंद झाली. भीमाचा एक पाय खांबाच्या पहिल्या अँगलवर होता. हात अजून तंबाखूत होते म्हणून खांबाला लागले नव्हते. तंबाखूनं माणूस मरतो असं पुडीवर छापलेलं असतं. भीमानं ती पुडी पुढं कित्येक वर्षं पाकिटात जपून ठेवली, आणि कुणी तंबाखू सोड म्हणालं की काढून दाखवायचा.

मी काय केलं असेल? करीमभाईंना फोनवर पंधरा मिनिटं झापलं. झोप लागली का, कान गेलेत का, सगळं. संध्याकाळी ते बिचारे मोटारसायकलवर आले आणि ऑफिसच्या पायरीवरच उभे राहिले. “आबा, तुमीच म्हनले की, चालू कर. अल्लाची कसम.” मी पुन्हा तोंड उघडलं. तर मागून भीमा म्हणाला, “म्हनलात आबा. मी ऐकलं.”

दोन दिवस मला घास गोड लागला नाही. करीमभाई खरं बोलत होते आणि मीही. ‘चालू कर’ मीच म्हणालो होतो. वाईट ह्याचं वाटत होतं, की आम्ही तिघंही शहाणे होतो, तिघांनीही आपापलं काम नीट केलं होतं, आणि तरी भीमाचं प्रेत घरी न्यायची वेळ आली होती.

तिसऱ्या दिवशी मला वडील आठवले. वडील माजलगावच्या मोंढ्यात मापाडी होते. पूर्वी धान्य मापानं मोजायचे तेव्हाची ही गोष्ट. मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. आणि नुसतं एकदा म्हणून गप्प बसत नाही. “लाभ रे लाभ, लाभ रे लाभ,” असं दुसरं माप भरूस्तर घोकत राहतो. मग “दोन रे दोन, दोन रे दोन.” लहानपणी मी विचारलं होतं, एवढं कावून, कशासाठी ओरडायचं? वडील म्हणाले, “आकडा तोंडातून निघाला म्हंजे पोचला असं न्हाई. घेणारा आन् देणारा दोघांच्या कानात बसला का बघूस्तर त्याला सोडायचा न्हाई.” आणि वर म्हणाले, “मान हलवणाऱ्याचा भरवसा धरू नको. मान तर बैल बी हलवतो.”

मी सगळ्यांना सबस्टेशनात बोलावलं आणि दोन नियम केले. एक, फोनवर जे ऐकलं ते ऐकणाऱ्यानं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, आणि सांगणारा ‘बरोबर’ म्हणेपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. दोन, आजपासून आपल्याकडं ‘चालू’ हा शब्द बंद.

ह्यावर भीमा म्हणाला, “आबा, मग आपल्या पुढाऱ्यांना काय म्हणायचं?”

सगळे हसले, पण अडचण खरीच होती. मराठीत सगळंच चालू असतं. शाळा चालू, पंखा चालू, सासूबाईंचं चालू, माणूसही चालू. शब्द काढला तर त्या जागी काय घालायचं? ‘लाईन मेली’ म्हणायला करीमभाई तयार नव्हते, मरणाचं नाव तोंडी नको म्हणे. शेवटी भीमानंच तोडगा काढला. “लाईन झोपली म्हना. आन् द्यायची झाली की उठवा.” झोपवा आणि उठवा. उठवाचा दुसरा अर्थ काढायला कुणालाच जागा नव्हती, म्हणून तेच ठरलं. जो ‘चालू’ म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. पहिला आठवडाभर रोज चहा मीच केला. त्या आठवड्यात पोरांना कळलं की आबांना चहा येत नाही.

एकदा एका लग्नाच्या मांडवाशेजारी डीपीवर काम करत होतो. भीमा फोनवर म्हणाला, “झोपलीय ना नीट? हां, मग आमचं झालं की उठवा, घाई करू नका.” नवरीच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “कोण आजारी हाय का हो?”

करीमभाई पुढं निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मंगल आली. घाटनांदूरची. घरी मेंढरं, वडिलांचा जन्म मेंढरांमागं गेला. ही शिकली, आयटीआय केलं, परीक्षा दिली आणि ऑपरेटर झाली. तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई, कमी बोलणारी. मी पहिल्या दिवशी माझ्या पद्धतीनं, म्हणजे भोंग्यानं, तिला नियम सांगितले. तिनं सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. मग म्हणाली, “सर, ह्यात एक गोष्ट राहिली. माणसं मोजायची.”

मी म्हटलं, काय मोजायची?

“परमिट परत देताना ‘माणसं उतरली’ म्हणतात सगळे. किती उतरली? आमचे बापू सांजच्याला मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडताना ‘सगळी आली’ असं कधी म्हणायचे नाहीत. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे. सगळी म्हटलं की एखादं मागं राहतंच.”

मला राग आला. आम्ही काय मेंढरं का? पण कुणी काही सुचवलं तर ऐकून घ्यायचं, असं नियम करताना मीच सगळ्यांना म्हणून बसलो होतो, म्हणून मी ‘बघू’ म्हणालो. तिनं माझ्या ‘बघू’ला ‘हो’ धरलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना विचारायला लागली, “वर गेले किती? खाली किती? मोजून सांगा.” वायरमन कुरकुरायचे. मीही त्यांच्यात कुरकुरायचो.

पण बाईकडं एक कला होती, ती मात्र मी चोरून शिकलो. लाईट गेली की सबस्टेशनच्या फोनवर काय काय ऐकावं लागतं ते इथं छापता येणार नाही. मी उलट ओरडायचो आणि भांडण जिंकायचो. मंगल परत म्हणून दाखवायची. एका शेतकऱ्याचा फोन आला, मोटार बंद पडल्यानं तापलेला. “तुमच्या ऑफिसला कुलूप लावतो का न्हाई बघा, एकेकाला कोंडतो,” असं बरंच काही. मंगल शांतपणे म्हणाली, “ऑफिसला कुलूप लावणार आणि एकेकाला कोंडणार, असं म्हणालात. बरोबर?” मग तो म्हणाला, “न्हाई वो ताई, कोंडायचं आपलं बोलायची पद्धत हाय. पीक सुकायलंय म्हनून जीव खालीवर व्हतोय.” ती म्हणाली, “पीक सुकायलंय. बरोबर. माणूस खांबावर आहे, उतरला की पहिली तुमचीच लाईन उठवते.” माणसाला आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की आपण काय बोललो ते कळतं. मला हे कळायला एक बाई माझ्या खात्यात यावी लागली.

मधेच आम्हाला नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. जिल्ह्याच्या गावी, एसी हॉटेलात. शिकवणारा तरुण मुलगा होता, फार गोड. त्यानं आम्हाला वर्तमानपत्राचे मनोरे करायला लावले, आणि शेवटी एक खेळ घेतला. एकानं डोळे मिटून मागं पडायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं. म्हणे ह्यानं विश्वास वाढतो. भीमा पडणार आणि मी झेलणार, अशी जोडी होती. भीमा काही पडेना. मुलगा म्हणाला, “काका, विश्वास ठेवा.” भीमा म्हणाला, “साहेब, मी रोज आबाच्या भरवशावर खांबावर चढतो. हितं गादीवर पडून काय नवं कळणार हाय?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढं ते फार जड गेलं.

आता खरी गोष्ट. तलवाड्याकडच्या एका गावात हरिनाम सप्ताह होता, आणि त्या दिवशी काल्याचं कीर्तन. सकाळी उसाच्या ट्रॅक्टरनं खांबाला जमिनीशी आवळून धरणारी ताणाची तार तोडली, खांब कलला आणि अख्ख्या फिडरची लाईट गेली. गावच्या टाकीत पाणी नाही, पाच गावचा महाप्रसाद शिजायचा, माईक बंद, आणि कीर्तनकार महाराज मांडवात येऊन बसलेले. मी माणसं घेऊन गेलो. भीमा आणि आणखी तिघं, असे चौघं कामावर, पाचवा मी खाली. परमिट घेतलं आणि कामाला लागलो.

सप्ताहाचे कर्तेधर्ते म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून आपणही भाऊच म्हणू. भाऊ पांढऱ्या कपड्यांत शेपन्नास माणसं घेऊन बांधावर आले. दर पाच मिनिटांनी, “आबा, किती टाईम?” उन्हानं माझं डोकं तापलेलं, त्यात हे. दीड तासानं खांब सरळ झाला, तारा ताणल्या, साखळी काढली. मी तोंड पुसत संजूला, म्हणजे आमच्यातल्या एका वायरमनला, विचारलं, “उतरले का रे सगळे?” संजू म्हणाला, “हाव आबा. भीमा बी आलाच.”

मी भाऊंकडं वळलो. मला वाटलं, आता जरा ह्यांना दाखवू आपला वट. फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणालो, “बघा भाऊ, एका शब्दात लाईट.” आणि फोनवर म्हणालो, “मंगल, आबा बोलतोय. काम झालं. चालू कर.”

तिकडून आवाज आला, “हा शब्द आपल्याकडं नाही, सर. परमिट नंबर सांगा.”

शेपन्नास माणसं ऐकतायत. मी दात खाऊन नंबर सांगितला. तिनं परत म्हटला. मी बरोबर म्हटलं. “वर गेले किती?” चार. “खाली किती?”

“सगळे उतरलेत.”

“सगळे म्हणजे किती? मोजून सांगा.”

भाऊ हसून मागच्यांना म्हणाले, “आबाचं ऑफिसात कुणी ऐकत न्हाई वाटतं.” झालं. माझा भोंगा वाजला. “मंगल, कोण बोलतंय कळतंय का तुला? तीस वर्षं झाली मला खांबावर. तू मला शिकवणार? लाईन दे म्हणतो ना मी!” भाऊंनीही तोंड घातलं, “कोण हाय ती बाई? बदलीच करतो तिची.”

फोनमधून तोच आवाज, ना वर ना खाली. “लाईन दे म्हणालात. बरोबर. बदली करतो म्हणाले, तेही ऐकलं. खाली किती माणसं, ते अजून सांगितलं नाहीत.”

केवळ तिला खोटं पाडावं म्हणून मी मोजायला वळलो. बोट दाखवून, मुद्दाम मोठ्यानं. आणि का कोण जाणे, तोंडातून वडिलांचं मोजणं निघालं. “लाभ. दोन. तीन.” बोट पुढं गेलं आणि हवेतच राहिलं. चौथा नव्हता.

“संजू, भीमा कुठंय?”

“आलोच म्हनून गेला की आबा.”

आलोच. मराठी माणूस जाताना ‘आलोच’ म्हणतो. संजूनं ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात भीमा आलाच होता. संजूनं दाखवलेल्या दिशेनं मी जो पळत सुटलो, ते पुढच्या खांबाकडं. लिंबाच्या झाडाआड तो खांब होता. भीमाला येता येता तिथला एक जोड सैल दिसला होता, परमिट आहेच तर आवळून टाकू म्हणून गडी वर चढला होता. दोन्ही हात तारेवर. मला खाली बघून म्हणाला, “झालंच आबा. पळताय कावून?”

माझा भोंगा आयुष्यात बंद पडला तो तेवढा एकदाच. हातानं खूण केली, उतर. तो उतरला तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच धरून त्याला माणसांत आणलं. फोन अजून सुरूच होता. मी म्हणालो, “खाली चार.” मंगल म्हणाली, “खाली चार. बरोबर?” मी म्हणालो, “बरोबर.” “उठवते.”

इथं गोष्ट संपली असती तर ती मी तीस वेळा छाती काढून सांगितली असती. तशी ती मी सांगितलीही, आणि तेच माझं पाप.

त्या दिवशी कीर्तन झाल्यावर भाऊंनी मला मांडवात बोलावलं आणि माईकवर सांगितलं, “आमच्या आबांनी एवढ्या घाईतबी आपली माणसं मोजली, आन् एक जीव वाचवला.” गळ्यात हार, हातात नारळ. बदली करतो म्हणालेले भाऊ ते वाक्य विसरले होते, आणि मी माझं. दोघांनाही तेच सोयीचं होतं. मी हार काढायला पाहिजे होता. नाही काढला. रिपोर्टातही ‘मी माणसांची मोजणी केली असता’ असंच लिहिलं. ते वाक्य खोटं नव्हतं, त्यामुळं लिहायला हात अडला नाही.

भीमा खांबावर होता, त्यानं फोनवरचं काही ऐकलं नव्हतं. बाकी तिघं मला मान देणारे, गप्प बसले. मंगलनं रिपोर्ट वाचला, सही करून ठेवून दिला. एक अक्षर बोलली नाही. आणि भीमा? त्या हिवाळ्यात त्यानं शेतातला कोवळा हुरडा माझ्या घरी आणून दिला. “आबा, तुमी मोजलं म्हनून मी हाय,” म्हणाला. त्याची बायको दिवाळीला पहिलं ताट आमच्या घरी पाठवायची. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हुरडा. त्या हॉटेलातलं त्याचं वाक्य मला आठवायचं, आबाच्या भरवशावर चढतो म्हणून. हुरडा गोड असतो, पण मला तो दोन वर्षं घशाखाली ढकलावा लागला. लेकरं म्हणायची, आबा, तुम्हाला हुरडा आवडायचा की.

मंगलची बदली मात्र झाली नाही. कशी होईल, भाऊंना तिचं नावच माहीत नव्हतं. आणि सप्ताहानंतर एकही वायरमन मोजायला कुरकुरला नाही. ‘आलोच’ हा शब्दही आम्ही ‘चालू’च्या शेजारी नेऊन बसवला. आता आमच्याकडं जाताना ‘चाललो’ म्हणायचं, आणि आल्यावर ‘आलो’.

माझा निरोप समारंभ सेक्शन ऑफिसच्या अंगणात झाला. सगळे आले, निवृत्त करीमभाईही आले. मंगल नव्हती. तिची ड्युटी होती, आणि सबस्टेशन सोडून समारंभाला यायला ती काही माझ्यासारखी नाही. भाषणं झाली. सगळ्यांच्या भाषणात सप्ताहाची गोष्ट. भीमा उठला, माईक हातात धरला आणि रडायलाच लागला. “आबानं मोजलं म्हनून,” एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

मग मी उठलो. भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच ठेवलं. फोन काढला, मंगलला लावला आणि स्पीकर करून माईकसमोर धरला.

“उपकेंद्रातून मंगल बोलतेय. कोण बोलतंय?”

“आबा. एक नोंद करायची आहे.”

“परमिट नंबर?”

अंगणात हशा पिकला. मी म्हणालो, “परमिट नाही. ऐक नुसतं. सप्ताहाच्या दिवशी माणसं मोजायला तू लावलंस. मी तुझ्यावर ओरडलो, तुला खोटं पाडायला मोजलं. आणि नंतर गावभर तुझा हार मी मिरवला. चूक माझी.”

फोनमधून सबस्टेशनातल्या यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, आता म्हणेल, राहू द्या सर, झालं गेलं. आपल्याकडं असंच म्हणतात, आणि मग माफी कुठं पोचली ते कुणालाच कळत नाही.

ती म्हणाली, “मोजायला मी लावलं. तुम्ही मला खोटं पाडायला मोजलं. हार तुम्ही मिरवला. चूक तुमची. बरोबर?”

सगळ्यांसमोर, माझ्याच नियमानं, माझंच बोलणं माझ्या कानात येऊन बसलं. तीस-पस्तीस वर्षांत इतकं जड वाटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर इतकं हलकंही.

“बरोबर,” मी म्हणालो.

“पोचलं, सर,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला.

भीमा डोळे पुसत माझ्याकडं बघत राहिला होता. मला वाटलं, हा आता उठून जाईल. तो म्हणाला, “म्हंजे दोन वरीस माझा हुरडा चुकीच्या पत्त्यावर गेला म्हना की.” मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, “ताई, यंदाचा हुरडा घाटनांदूरला. घेऊन आलो...” आणि शेवटच्या अक्षराआधी जीभ चावली. “घेऊन येतो.”

“घेऊन येतो. बरोबर?” मंगल म्हणाली. “आणि आबांनाही आणा. दोघं येणार, मी मोजून घेईन.”